ब्रेक कुणी दाबायचा होता?

तीर्थरूप मावशीस,

पत्राची सुरुवात शिरसाष्टांग नमस्काराने करावी, हे तूच मला लहानपणी शिकवलंस. पण डॉक्टरांनी शिर हलवायला मनाई केली आहे, तेव्हा उरलेल्या सात अंगांचा नमस्कार गोड मानून घे. आठवं अंग सध्या पट्ट्यात आहे. तुझी तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? उजवा पाय बरा आहे ना? (हे मी खरोखर काळजीने विचारतोय, टोमणा नाही. लिहून झाल्यावर वाचलं तर टोमणाच वाटतोय, पण खोडलं तर तुला आणखी संशय येईल, म्हणून राहू दे.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, माझी मान सोडून.

फोनऐवजी पत्र लिहितोय, कारण माझा फोन तू घेत नाहीस. परवा माझ्या बायकोला फोन करून तू सांगितलंस, की त्याला म्हणावं, मावशीचा नंबर बदललाय. तो फोन तू त्याच जुन्या नंबरवरून केला होतास. तेव्हा तू रागावली आहेस एवढं माझ्याही डोक्यात शिरलं. राग नोटिशीचा आहे, कबूल. स्वतःच्या भाच्याच्या वकिलाकडून आपला उल्लेख 'बेदरकार व निष्काळजी वाहनचालक' असा झालेला कुणाला आवडेल? पण ते शब्द माझे नाहीत गं. वकिलांकडे ते तयारच असतात, फक्त वर नाव घालायचं. भरपाई मागितली आहे ती तुझ्या पर्समधून नाही, तुझ्या गाडीच्या विमा कंपनीकडून. मागच्या गाडीने पुढच्या गाडीला ठोकलं की दावा मागच्या गाडीवर लावावा लागतो, आणि मागच्या गाडीत दुर्दैवाने तू होतीस.

आता पहिल्यापासून सांगतो, कारण तू काचेतून पाहिलंस आणि मी आरशातून, दोन्हींत फरक पडणारच. तुला लेकीच्या नव्या घरी पहिल्यांदाच स्वतःची गाडी घेऊन जायचं होतं. रस्ता माहीत नव्हता, म्हणून मी आपल्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेऊन पुढे निघालो. निघताना मी तुला बजावलं, की अगदी माझ्या मागोमाग ये, मध्ये कुणालाही घुसू देऊ नकोस. एरवी माझं एकही वाक्य तू पहिल्या खेपेला ऐकत नाहीस. नेमकं हे ऐकलंस. माझ्या गाडीच्या पाठीवर पिवळ्या अक्षरांत 'अंतर ठेवा' असं लिहिलंय, ते तुमच्या मावशींनी वाचलं असेल का, असं विमा कंपनीचा सर्व्हेअर मला विचारत होता. मी म्हटलं, इतक्या जवळून न वाचून सांगतील कुणाला?

सिग्नल लाल झाला, मी थांबलो आणि सवयीने आरशात पाहिलं. तू येत होतीस. वेग कमी नाही, जास्त नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर शिकवल्याबरहुकूम, पाठ ताठ, चेहरा प्रसन्न. गाडी चालवताना एवढं शांत माणूस मी माझ्या अख्ख्या मास्तरकीत पाहिलं नाही. आणि मला लख्ख उमगलं, की तू ब्रेक लागायची वाट बघते आहेस!

शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. (तुला हे माहीतच आहे. पण हे पत्र तू शेजारणीला वाचून दाखवणार, म्हणून तिच्यासाठी लिहितो: शिकणारा चुकला तर शेजारी बसलेल्या मास्तरला गाडी थांबवता यावी, अशी ही सोय.) इतरांच्या बाबतीत मी तो अडीअडचणीला वापरतो. तुझ्या बाबतीत सरसकट वापरला. तू आईची सख्खी बहीण, तुझ्या अंगावर 'थांब' म्हणून ओरडायची माझी काय टाप? त्यापेक्षा गपचूप पाय दाबलेला बरा. वळण आलं, दाबला. कुत्रं आडवं गेलं, दाबला. वर 'वा मावशी, काय झोकात थांबवलीस!' हेही मीच म्हणायचो. थांबणं हा गाडीचा स्वभावच आहे, असा तुझा समज झाला तर त्यात नवल काय? तू परीक्षेत पास कशी झालीस, याचा विचार मी हल्ली करत नाही. रस्ता रिकामा होता, एवढंच आठवतं.

आता सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. ती वकिलांनाही सांगितलेली नाही. तू तशी प्रसन्न मुद्रेने येताना पाहून मी काय करायला हवं होतं? माझ्यापुढे भरपूर जागा होती. गाडी जरा पुढे घ्यायची, निदान हॉर्न तरी वाजवायचा. मी काय केलं? जीव खाऊन ब्रेक दाबला. तुझ्यासाठी, पण माझ्या गाडीचा. उभी असलेली गाडी मी आणखी घट्ट उभी केली आणि 'दाबला गं मावशी' अशा भरवशाने आरशात बघत राहिलो. मग धडक बसली. डोकं आधी मागे गेलं, मग पुढे आलं, आणि अक्कल त्यानंतर बऱ्याच उशिरा आली.

उतरल्यावर तू रडकुंडीला आलेली दिसलीस आणि माझी जीभ सुटली. काही नाही झालं मावशी, मी ठणठणीत आहे, चूक माझीच. हे मी चौकातल्या हवालदारासमोर बोललो, फुलवालीसमोर बोललो आणि माझ्या गाडीतल्या कॅमेऱ्यासमोर बोललो. विद्यार्थ्यांना त्यांच्या चुका दाखवाव्यात म्हणून तो कॅमेरा मी हौसेने बसवलाय. त्यात आवाज फार स्वच्छ येतो. विमा कंपनीने तो ऐकलाय आणि त्यांनाही तो स्वच्छच वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने हाक मारली आणि मला वळता येईना. डॉक्टर म्हणाले, हाडं शाबूत आहेत, मानेचे स्नायू दुखावलेत. मागून धडक बसली की असंच होतं, दुखणं एक रात्र मुक्काम करून मग तोंड दाखवतं. तेव्हापासून पट्टा आहे. कुणी मागून बोलावलं तर कपाट सरकवावं तसा मी सबंध फिरतो. मान डोलावता येत नाही, म्हणून गल्लीत बोभाटा झाला की मास्तरला भारी ताठा आलाय. त्यात वकिलांची ताकीद, की कंपनीचा माणूस पाळत ठेवून असेल, रस्त्यात काही उचलायचं नाही. त्यामुळे बाजारातून येताना दोन्ही पिशव्या बायकोच्या हातात आणि मी मागून रिकामा, ताठ मानेने. गल्लीतल्या बायका माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, तिची भरपाई कुठल्या कलमात बसते ते वकिलांना विचारायचंय.

तो सर्व्हेअर घरी आला तेव्हा तर माझी पुरती शोभा झाली. त्याने विचारलं, या बाईंना गाडी कुणी शिकवली? मी म्हटलं, मी. त्या एकट्याने चालवण्याजोग्या झाल्या, असं कुणी सांगितलं? मीच. मग धडक कुणाला बसली? मलाच. त्याने पेन खाली ठेवलं. नंतर त्याने तुझा जबाब वाचून दाखवला. 'पुढची गाडी थांबली. मी ब्रेक लागण्याची वाट पाहिली. तो लागला नाही. ब्रेक नेहमी भाचाच दाबतो.' मावशी, असा जबाब माझ्या वकिलांनी आयुष्यात पाहिला नव्हता. ते खुर्चीत मागे रेलून हसले, आणि मला हसताही येईना, कारण हसलं की मान दुखते. कंपनीचं म्हणणं आता असं, की चूक चालवणारीची नाही, शिकवणाऱ्याची आहे, तेव्हा शिकवणाऱ्याने स्वतःकडूनच भरपाई घ्यावी. चूक तुझी म्हणावी तर मी मास्तर म्हणून नापास, आणि माझी म्हणावी तर उपचार माझ्याच बोकांडी. आमचा धंदाच मान फिरवण्याचा. ती फिरत नाही तोवर ड्रायव्हिंग स्कूलला कुलूप. मला भरपाई हवी आहे, ती एवढ्यासाठी.

पण खरं सांगू? मला झोंबलंय ते वेगळंच. तुझी लेक सांगत होती, की त्या दिवसापासून तू गाडीवर कव्हर घातलंस आणि किल्ली डब्यात टाकलीस. काका गेल्यावर तू गाडी शिकायची म्हणालीस, तेव्हा घरातले सगळे हसले होते. तू म्हणालीस, मला कुठे जायचं तर कुणाच्या सवडीची वाट बघत बसायचं नाही. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता, आजही वाटतो. ते कव्हर माझ्यामुळे पडलंय, हे मला मानेपेक्षा जास्त सलतं.

असो. काकूंना, म्हणजे तुझ्या शेजारणीला, नमस्कार सांग. रागाव, पण नंबर 'बदललेला' ठेवू नकोस.

तुझा,
सध्या एकाच दिशेने बघणारा भाचा

ता. क. – कंपनीला एक नवा जबाब दिलास तर बरं होईल. 'ब्रेक मीच दाबायला हवा होता' एवढंच लिही, खाली सही कर. खरं ते खरंच, आणि माझं कामही होईल.

ता. क. २ – वरचा ता. क. विसर. बायकोने खांद्यावरून वाचला (मला वळून पाहता आलं नाही, नाहीतर झाकला असता). ती म्हणते, या सगळ्या प्रकरणात एकट्या मावशींनीच खरं लिहिलंय, त्यांना ते बदलायला लावाल तर उद्यापासून पिशव्या तुमच्या हातात, कंपनीचा माणूस बघो नाहीतर न बघो. तुझा जबाब आहे तसाच राहू दे. दावा टिकला तर टिकला.

ता. क. ३ – हे सगळं लिहिलं ते खरं तर यासाठी. मानेच्या व्यायामाला मला गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. गाडी चालवायला मला बंदी आहे, आणि बायकोला शिकवणं मी संसार टिकावा म्हणून दुसऱ्याच दिवशी थांबवलं होतं. सोमवारी सकाळी कव्हर काढून मला न्यायला ये. तुझ्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी मांडी घालून बसेन. ब्रेक मधला, मावशी. तो तू दाबायचास.