चौथी सुपारी

९ नोव्हें., रवि.
अन्वरभाईच्या लॉजवर, नेहमीप्रमाणे. ‘गो’ या घरं वेढायच्या खेळाचा पट मांडलेला, पण माझ्या जागेवर नव्या डॉक्टरबाई. तेच जुनं जपानी कोडं, डावाच्या शेवटच्या चालींचं: काळ्याची पाळी, काळा एका घरानं जिंकतो. मी पावसाळाभर करतोय, दर वेळी बरोबरी. काळ्याच्या सुपाऱ्या बाईंकडे, पांढरे शिंपले अन्वरकडे. चहा यायच्या आत मोजणी झाली. काळा एकानं पुढे.
अन्वर म्हणाला, "सर, इतके दिवस काय शिंपलेच वेचत होता?"
बाई म्हणाल्या, "नशीब हो माझं." चांगल्याच वागल्या. तेच जास्त लागलं.

१० सोम.
तासाला लक्ष नाही. हेवा वाटतोय, सरळ लिहून टाकतो. उत्तराचा की जागेचा? जागेचा. तो पट अन्वरनं आणि मी प्लायवूडवर आखला. सुपाऱ्या मी श्रीवर्धनहून आणल्या. पण म्हणून जागा माझी झाली का...

१२ बुध.
बाईंच्या चाली आठवून घरी मांडल्या. बरोबरी. पुन्हा मांडल्या. बरोबरीच.
आमची रीत अशी की मारलेली सोंगटी शेवटी ज्याची त्याच्याच घरात भरायची, तेवढी त्याची घरं कमी. पांढऱ्यानं मारलेल्या सुपाऱ्या चार होतात. रविवारी अन्वरच्या वाटीतून तीन निघाल्या, मी बघत होतो. चौथी?

१३ गुरु.
विचारलं. अन्वरचा अडकित्ता चालूच होता. "गेली असेल तोंडात. हात जातो, सर." मग म्हणाला, "बाईंना नका बोलू. खूश होत्या."
माझी बरोबरी व्हायची तेव्हा माझ्या खुशीची कोणाला अशी काळजी नव्हती.
बंदरावरून गुणगुणत घरी आलो. दारात लक्षात आलं, कशाच्या आनंदात गुणगुणतोय.

१५ शनि.
त्यांचं नेमकं कुठे चुकलं ते शोधायला बसलो. पहिली चाल त्यांचीच ठेवली, कडेची. मला ती कधी सुचलीच नव्हती. दुसरी माझी, कोपऱ्यातली. काळा एकानं पुढे. वाटी तपासली. सुपाऱ्या पुऱ्या.
म्हणजे निम्मं उत्तर त्यांचं. हे सांगायचं तर आधी त्यांची जीत खोडायला हवी. खोडायला हरकत नाही, खरं ते खरं. पण तेव्हा माझा चेहरा कसा असेल, याची खात्री देता येत नाही.
उद्या रविवार. अन्वरसाठी खायची सुपारी वेगळ्या पुडीत बांधून ठेवली आहे. पटासमोर कोण बसणार, ते विचारलेलं नाही.