वंदनाताईंचा बोलणारा संगणक

गुरुवार, संध्याकाळ. संग्रामपूर.

आमच्या ऑफिसातल्या वंदनाताईंचा लिनक्सवाला संगणक आज मी ऑफिसच्या नेटवर्कला जोडला. त्यांना दिसत नाही. हा संगणक त्यांना पडद्यावरचं वाचून ऐकवतो. बाकी सगळे संगणक विंडोजवाले, म्हणून "हा नेटवर्कला जुळत नाही" असं नेटवर्क सांभाळणारा मीच दोन महिने सांगत होतो. काम निघालं तासाभराचं. फक्त एक तास! मग आधी काऊन नाही केलं? कंटाळा, की त्यांचं काम अडलं तरी चालतं असं वाटलं?

हेडफोन लावून त्यांनी नेटवर्कवरचा एक अर्ज शेवटपर्यंत ऐकला. म्हणाल्या, "भाऊ, आजवर लोक मले अर्धंच वाचून दाखवत होते."

"ताई, चूक माही आहे. मी करून पाह्यलंच नव्हतं."

"हाव, मले माहीत होतं," म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा अर्ज उघडला.