सुया लावून घेण्याआधी

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

चौसाळा,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. मन्मथ यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. आईची तब्येत आहे तशीच आहे. तू विचारलं नाहीस, पण पत्रात लिहायची पद्धत असते म्हणून लिहिलं. थंडी पडायला लागली, सकाळी तिला उन्हात बसवते. लग्नसराईमुळे तुझं कापडाचं दुकान जोरात चालू असेल.

तुझा मेसेज मिळाला. आमच्या एका ओळखीच्यांना मांजरसुंब्याच्या सुईवाल्या, म्हणजे अॅक्युपंक्चरच्या, डॉक्टरांना दाखवायचंय, आधी काय माहिती पाहिजे ते कळव. एवढंच. ना आई कशी आहे, ना ताई तू कशी आहेस. फोन केला असता, पण मी बोलायला लागले की तुला नेमकं गिऱ्हाईक येतं. म्हणून कागद घेतला.

तर तुझ्या ओळखीच्यांना सांग, सुईला भिऊ नका. केसासारखी बारीक असते. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग तिथं जरा जड वाटतं. मी जन्मभर ब्लाउज शिवतेय, मशीनची सुई बोटात गेलेली आहे, त्यापुढे ही काहीच नाही. मात्र सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडलं पाहिजे आणि काम झालं की सुई टाकून दिली पाहिजे. कुणी वापरलेली सुई पुसून घ्यायला लागला, तर चप्पल घालून सरळ बाहेर यायचं. डॉक्टर हे कुठे शिकले तेही विचारायचं, लाजायचं नाही. कापड तीनदा चोळून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला तू हाकलून देतोस का?

उपाशी जायचं नाही. आपल्याकडे दवाखाना म्हटलं की लोक चहासुद्धा न घेता निघतात, जसं काही रक्तच तपासायचंय. आईचा तर सोमवार होता. सुया लावल्यावर तिला घेरी आली, डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरांनी सुया काढून तिला आडवं केलं, गुळाचं पाणी पाजलं आणि पुन्हा उपासाचं येऊ नका म्हणून बजावलं. त्यांनी एवढी काळजी घेतली, हे तू लग्नातल्या पंगतीत सांगितल्याचं मला आठवत नाही.

सैल कपडे घालावेत. एखाद्या जागी निळं पडतं, ते जातं. एका दिवसात गुण येत नाही, आणि गुण येईलच असंही डॉक्टर म्हणाले नव्हते. छातीत नाहीतर पाठीत सुई लावल्यावर दम लागला, तर घरी न जाता दवाखाना गाठायचा. आईला आराम पडला होता, मन्मथ. तेव्हा ती तुझ्याकडे असायची, तू धारूरहून तिला एसटीत बसवून द्यायचास, मी मांजरसुंब्याला उतरवून घ्यायची. त्या वर्षी कार्तिकात मन्मथस्वामींच्या यात्रेला ती कपिलधारच्या पायऱ्या माझा हात न धरता उतरली. खाली जाऊन माझ्याकडे बघून हसली. तिचं ते हसणं मी शेवटचं पाहिलं, कारण आता तिचं अर्धं तोंड हलत नाही.

एक गोष्ट मागे ठेवली होती, ती आता लिहिते. माहितीची म्हणशील तर हीच.

पहिल्या दिवशी डॉक्टर विचारतात, कुठला आजार आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत. हृदयाचं काही आहे का, साखर आहे का, फिट येते का. तिथं खरं सांगायचं. आपल्या लोकांना वाटतं, आधीच्या डॉक्टरचं नाव काढलं तर नवीन डॉक्टर रागावेल, औषध करणार नाही. म्हणून लपवतात. आणि एकाचं सुरू केलं की दुसऱ्याचं बंद करतात, जणू दोन डॉक्टर म्हणजे दोन सवती आहेत.

त्या पहिल्या दिवशी माझ्याकडे लग्नाचे ब्लाउज शिवायचे पडले होते, म्हणून आईला तू नेलंस. आईच्या हृदयाचे ठोके चुकायचे, त्यासाठी बीडच्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली होती. सुईवाल्यांनी विचारलं, गोळी चालू आहे का? आई नाही म्हणाली आणि शेजारी बसून तूही मान डोलावलीस. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. तिला लकवा झाल्यावर तिच्या पिशवीत त्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं निघाली, तेव्हा मी तुला हॉस्पिटलच्या जिन्यात गाठलं. तू काय बोललास ते मी विसरलेले नाही.

"मीच बंद करायला लावल्या, ताई. दोन डाक्टरांचं एका टायमाला चालत न्हाई. डाक्टरनं इचारलं तर न्हाई म्हन, असं जाताना गाडीत मीच सांगितलं तिला. तू कुनाला बोलू नकोस."

रडलास. तू माझा धाकटा भाऊ, नवसानं झालेला, म्हणून मी गप्प बसले. बीडच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, सुईचा काही संबंध नाही, गोळी बंद झाली म्हणून गुठळी झाली. आणि तू काय केलंस? चुलत्यांच्या घरच्या लग्नात भर पंगतीत म्हणालास, ताईच्या हट्टानं आईला सुया लावल्या, सुईनं तिला लोळवलं. मी त्याच पंगतीत वाढत होते. वरणाचं भांडं हातात होतं. तेव्हापासून सगळं गणगोत मला आईला अंथरुणाला खिळवणारी म्हणून ओळखतं, आणि तू अधूनमधून फळं पाठवणारा मुलगा म्हणून.

आता तुझे ते ओळखीचे. तुझी बायको मला ओळखीची आहे, मन्मथ. सरस्वतीचा फोन आला होता. कंबर धरून चालते, दुकानात उभं राहवत नाही म्हणाली. रडत होती, पण कंबरेसाठी नाही. सुया लावायच्या आधी फिटीच्या गोळ्या बंद कर आणि फिट येते हे तिथं बोलू नकोस, गावभर होईल, असं तू तिला सांगितलंयस. तुझेच शब्द, तुझीच रीत. आईकडून काहीच शिकला नाहीस का?

हे वाचून तिच्यावर हात उगारू नकोस, आवाजही चढवू नकोस. तिच्याच सांगण्यावरून मी सुईवाल्या डॉक्टरांना भेटून आले, फिटीचं सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. गोळी एक दिवसही चुकवायची नाही म्हणाले, आणि सुयांना वीज जोडतात ती आपण जोडायची नाही म्हणाले. झालं एवढंच. तू तिला पोटभर जेवू घालून एसटीत बसवून दे. मी मांजरसुंब्याला उतरवून घेईन. तू बरोबर येऊ नकोस. आणि पुढच्या लग्नात सुईचं नाव काढलंस, तर मी वाढायचं भांडं खाली ठेवून सगळ्यांसमोर बोलेन.

आईचं लिहायचं राहिलं. तिची उजवी बाजू गेली, पण डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं की पूजा होईपर्यंत नीट धरून बसते. बोलणं सगळं गेलं, एकच शब्द राहिलाय. तू गाडीत पढवलेला. न्हाई. चहा घेतेस का म्हटलं की "न्हाई" म्हणते आणि डावा हात कपाकडे नेते. उन्हात बसतेस का म्हटलं की "न्हाई" म्हणते आणि उठवायला हात पुढे करते. म्हणून मी तिच्या शब्दाकडे बघत नाही, हाताकडे बघते.

आज पूजा झाल्यावर तिला विचारलं, मन्मथला बोलावू का? "न्हाई" म्हणाली. मी बराच वेळ वाट पाहिली. हात मांडीवरच राहिला.

तुझी ताई,
रुद्राणी