यंत्राला पट्टी दिसली असती

१८ जुलै १९९६, बनशंकरी

दुपारी कुकरच्या वाफेने उजवा हात भाजला. शेजारच्या अक्कांनी मलम लावून पट्टी बांधून दिली. संध्याकाळी सुधीर प्रयोगशाळेतून आला तो बोलतच. माणसासारखा विचार करणारं यंत्र बनवायचं तर त्याला जाणीव हवीच असं नाही, म्हणे. मी डाव्या हाताने वाढत होते, पट्टी त्याच्या नाकासमोर! राग आला. खरं तर रडूच.

"तुझ्या यंत्राला ही दिसली असती का रे?" शेवटी मीच विचारलं.

त्याने पाहिलं आणि हातातला घास तसाच राहिला. "लगेच दिसली असती," तो म्हणाला. "मलम कुठलं लावायचं तेही सांगितलं असतं."

"आणि मग?"

"मग काय, पुढचा प्रश्न."

तो मात्र पुढे जेवूच शकला नाही. मग हुशारीला जाणीव लागते की नाही? इतक्या हुशार माणसाला बायकोच्या हातावरची पट्टी दिसली नाही, म्हणजे कदाचित त्याचंच बरोबर असेल. मला नाही ठरवता येत.

नंतर जवळ बसून त्याने विचारलं, "फार दुखतंय का गं?"

नाही म्हटलं. खोटंच. त्याला लागलं असतं.