सुतानं मोजलेलं हैदराबाद

आप्पा, काल मी पुण्याहून हैदराबादला विमान नेलं. कॅप्टन म्हणून पहिल्यांदाच, डावीकडच्या सीटवर बसून. एक तास दहा मिनिटं लागली. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, नाहीतर थेट तुळजापूरच्या आगारात आले असते आणि कँटीनमध्ये सगळ्यांसमोर तुम्हाला हे ऐकवलं असतं.

कारण हरले होते तेही सगळ्यांसमोरच. मी सातवीत होते. पुणे ते हैदराबाद हे अंतर नकाशावरून काढून आणायचं होतं. स्वयंपाकघरात फरशीवर नकाशा पसरला, आईच्या गोधडीचा दोरा दोन शहरांवर ताणून धरला आणि प्रमाणपट्टीवर मोजला. पाचशे किलोमीटर भरले. तुमचा डबा घेऊन आगारात आले तेव्हा मोठ्या ऐटीत वही दाखवली. तुम्ही एसटीचे ड्रायव्हर. एक आठवडा पुण्याची फेरी, एक आठवडा हैदराबादची, दोन्हीकडचा रस्ता तुम्हाला तोंडपाठ. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात.

"खोड ते. सहाशेला धा कमी हायती."

"पण आप्पा, सरळ मोजलं तर..."

"सुतावर गाडी चालत न्हाय, बाई. मधी घाट हाय, वळणं हायती, गावं हायती. लई शहाणी झालीस व्हय?"

कंडक्टर, मेकॅनिक, सगळे हसले. माझे कान तापले. तिथंच टेबलावर मी पाचशे खोडून तुमचा आकडा लिहिला आणि दुसऱ्या दिवशी सरांनी त्यावर लाल फुली मारली. ती फुली तुमच्यापुढं नाचवली, तर तुम्ही निवांतपणे बुटाची नाडी सोडत विचारलंत, "सर कवा गेलते हैदराबादला?"

आई पोट धरून हसली. मला मात्र इतका राग आला की त्या रात्री मी जेवले नाही. सरळ वाट असते आणि एक दिवस तिच्यावरून जाऊन दाखवीन, हे तेव्हाच डोक्यात बसलं. पुढं वैमानिक व्हायचं म्हणाले तेव्हाही तुम्ही मान हलवलीत, हो की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. लायसन्स हातात आलं तेव्हा तुम्ही नव्हता.

काल उड्डाणाआधी मार्गाचा कागद आला. त्यावर अंतर नॉटिकल मैलांत असतं. मी पेन काढून त्याचे किलोमीटर करत बसले, तेव्हा शेजारच्या पोरसवदा को-पायलटनं विचारलं, "मॅडम, हे कशाला?"

"जुनं भांडण आहे," मी म्हणाले.

पाचशेच्या थोडंसंच पुढं आलं, आप्पा. गोधडीच्या दोऱ्यानं एवढं काढलं होतं मी, सातवीत. मग विमान जागचं हलण्याआधीच माईक घेतला आणि प्रवाशांना अंतर सांगितलं, वेळ सांगितली, मराठीतही सांगितली. आवाज जरा जास्तच चढला असेल. जिंकले मी. तुमच्या दोन आठवड्यांच्या फेऱ्या मी एका सकाळीत बसवल्या, आणि चाकं इतकी अलगद टेकली की मागं कुणी जागंसुद्धा झालं नाही.

हे पत्र वहीतच राहील, म्हणून एक खरं सांगून टाकते. आपलं तुळजापूर या सरळ वाटेच्या अगदी खाली येतं. वर्षानुवर्षं ठरवलं होतं की तिथं आले की खाली बघेन आणि तुम्हाला म्हणेन, बघा. प्रत्यक्षात पुढं ढग होते, रेडिओ चालू होता, गाव कधी मागं पडलं ते कळलंच नाही. वर असताना तुमची एकदाही आठवण आली नाही, आप्पा.