फ्रेमवर्क उतरवून साधी सर्व्हलेट चढवण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी,
गलाई बांधव वधू-वर सूचक मंडळ,
विटा, जि. सांगली.

विषय : मंडळाच्या वेबसाइटवरील फ्रेमवर्क काढून साध्या जावा सर्व्हलेटवर परत येण्यास मंजुरी मिळणेबाबत.
संदर्भ : 'वेबसाइट बंद का करू नये व पंतांना घरी का बसवू नये' असे विचारणारे आपले पत्र.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदार विष्णुपंत हे मंडळाच्या संगणक विभागाचे प्रमुख, कारकून व शिपाई आहेत. पूर्वी त्यांनी स्वतः जावात सर्व्हलेट लिहिली होती, म्हणजे सर्व्हरवर बसून आलेली मागणी वाचणारे व उत्तर धाडणारे साधे प्रोग्राम. बरे चालले होते. तेवढ्यात पुण्याच्या प्रदर्शनात त्यांना तयार फ्रेमवर्क, म्हणजे दुसऱ्याने आधीच लिहून ठेवलेला वेबसाइटचा सांगाडा, दिसले आणि बुद्धी फिरली. हे बसवले की स्थळे आपोआप जुळतील, मंडळाने नुसत्या अक्षता टाकाव्यात, असे त्यांनी सभेत ठासून सांगितले. पंतांच्या गप्पांत मुंगी मेढ्याचा घाट ओढून नेते हे ठाऊक असूनही सभेने टाळ्या वाजवल्या, एवढाच सभेचा दोष.

२. फ्रेमवर्कचा नियम असा की, उमेदवाराच्या राहत्या शहरातले स्थळ आधी दाखवायचे. परंतु आपला गलाईवाला परमुलखात सोने गाळायला एकटा राहत नाही. एकाने दुकान मांडले की मागून सगळी भावकी येते. सबब जवळचे स्थळ म्हणून चुलत बहीणच निघू लागली. राखी पौर्णिमेला कोइमतूरहून कृष्णात या उमेदवाराने पाटावरून उठून फोन केला, "आवं पंत, हितं जी राखी घेऊन हुबी हाय, तिचंच स्थळ धाडलंय तुमी. ताटात ओवाळणी टाकू का मंगळसूत्र?" लाइन खराब आहे, असे पंतांनी कळवले. लाइन उत्तम होती.

३. तो नियम बंद करण्यास पंत फ्रेमवर्कच्या पोटात शिरले. एका फाइलने दुसरीकडे धाडले, दुसरीने तिसरीकडे. इतकी टेबले कचेरीतही लागत नाहीत. अखेर जवळ-लांब हा भेदच उरू नये, अशी युक्ती म्हणून त्यांनी सर्व उमेदवारांना कागदोपत्री एकाच शिरवळ गावचे रहिवासी केले. त्यामुळे हिंदुस्थानभरची भावकी एका गावात आली व खुद्द महोदयांच्या चिरंजीवांना त्यांची चुलत आत्या सुचवली गेली.

४. सर्व्हलेटमध्ये मात्र पंत लिहितील तेवढेच घडते. आधी देवक, मग मूळ गाव. दोन्हींतले एक जरी सारखे निघाले तर पुढचे स्थळ. घरची थोरली माणसे विचारतात तसेच. टंकणे फार, पण चूक झाल्यास ती पंतांचीच असते व शोधायला लांब जावे लागत नाही.

५. तुळशीचे लग्न तोंडावर आले आहे. तोवर वेबसाइट सरळ न झाल्यास ती बंद होईल आणि या वयात पंतांना दुसरे कोणी दारात उभे करणार नाही. तरी फ्रेमवर्क काढण्यास कार्योत्तर मंजुरी मिळावी. 'कार्योत्तर' एवढ्यासाठी की, पंतांनी ते सोमवारीच काढले आहे. मंजुरी नाकारल्यास ते पुन्हा बसवावे लागेल, आणि पहिल्या वेळी ते कसे बसले हे पंतांना अजून कळलेले नाही.

आपल्या शेऱ्याकडे डोळे लावून बसलेला, आपला नम्र,
(सही)
विष्णुपंत
विटा, दि. २७ ऑक्टोबर १९९९