तुम्ही रचलेली लाकडं

प्रिय बाबा,

आज ते सॅलॅमँडर सापडले, आणि शेजारच्या मारायकेबाई म्हणाल्या, "वडिलांना लगेच कळव हं!" म्हणून लिहितेय. तुम्ही गेल्याला दोन महिने झाले. मला अजून रडू आलेलं नाही. पुण्याला येऊन सगळं केलं, परत आले, ऑफिसला जायला लागले. जेवते, झोपते. बस्स.

इथलं, या ब्रेडा शहरातलं आमच्या घरामागचं तळं आठवतंय ना? सॅलॅमँडर परत यावेत म्हणून नगरपालिकेनं काठाचं सिमेंट काढलं, त्यांची पिल्लं खाणारे मासे हलवले. लाकडं आणि पाला मुद्दाम काठावर टाकला, कारण थंडीत ते त्याखाली निजतात. मी आणि मारायकेबाई दर शनिवारी बघायला जायचो. दोन वर्षं एकही नाही!

ऑक्टोबरात तुम्ही आलात. पुण्यात रोज सकाळी सोसायटीचं अंगण झाडणारा माणूस! मी ऑफिसात, आणि तुम्ही हौसेनं खराटा विकत आणून, लाकडं-पाला सगळं हटवून अख्खा काठ लख्ख केलात. वर मलाच, "पालीसारखं ते ध्यान, त्याचे कसले एवढे लाड?"

केवढी ओरडले मी! "दोन वर्षांची मेहनत मातीत घातलीत. कुणी सांगितला होता नसता उद्योग?" सत्तरीच्या बापाला! तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. उलट का नाही बोललात हो?

दुसऱ्या दिवशी गुडघे धरत तुम्ही सगळी लाकडं परत रचलीत. चुलीच्या सरपणासारखी, एकावर एक, फटींत पाला कोंबून. मी म्हटलं, "राहू दे आता." विमानतळावर सॉरी म्हणायचं ठरवलं होतं. तिथे आपण बॅगेच्या वजनावरच बोलत राहिलो.

आज मारायकेबाईंनी तुम्ही रचलेल्या लाकडांतला खालचा ओंडका अलगद उचलला. तीन होते, बाबा! केशरी पोटाचे, गारठलेले, एकमेकांना चिकटून. आम्ही ओंडका होता तसा ठेवला. मग त्या तुम्हाला कळवायचं म्हणाल्या, आणि मी "हो" म्हटलं. तुम्ही गेलात हे मी त्यांना सांगितलेलंच नाही. इथे कुणालाच नाही.

तुम्ही दोन दिवस शोधत होतात तो खराटा मीच सायकलींच्या मागे लपवला होता. चुकलं माझं.

येत्या ऑक्टोबरात तो काढीन. फक्त वाट झाडीन आणि पाला तुमच्या लाकडांवर घालीन. आणि उद्या सकाळी मारायकेबाईंकडे जाऊन सांगेन, माझे बाबा गेले.

तुमची,
मनू